टोपीकरणी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर रेडिंगच्या गाडीत चढता चढता माझ्या कपाळावर एका टोपीची कड आपटली. टोपी समोरच्या बाईच्या डोक्यावर होती, आणि बाई माझ्यापासून चांगली हातभर लांब उभी होती. म्हणजे टोपी केवढी असेल बघा. धान्य पाखडायच्या सुपाएवढी सहज. रंग लिंबाच्या सालीचा. कडेला एक लांबलचक पीस, ते वाऱ्याच्या झुळकीसरशी शेजारच्या उतारूंच्या नाकाखालून फिरत होतं. बाई दोनदा ‘सॉरी’ म्हणाली, पण मान काही वळवली नाही. वळवली असती तर तिसऱ्याला लागली असती.

भाचीनं आदल्या रात्री बजावलं होतं, “मावशी, गुरुवारी नको जाऊस गं. अ‍ॅस्कॉट आहे.” पण ब्रॅकनेलच्या मैत्रिणीनं माझ्यासाठी कुठूनशी अळूची पानं मिळवली होती. तासाभराचा प्रवास, आणि त्या टोकाला अळूचं फदफदं. घोड्यांच्या शर्यतीसाठी ते सोडायला मी काही राजघराण्यातली नव्हते.

डब्यात तीसेक टोप्या होत्या. गुलाबी, पोपटी, मोरपंखी, एक तर सरळ सरळ उपड्या टोपलीसारखी. बायका बसल्या होत्या, पण पाठ टेकून एकही नाही. टेकलं की मागची कड सीटला लागणार आणि टोपी पुढे डोळ्यांवर येणार. त्यामुळे सगळ्यांचे कणे ताठ, माना स्थिर, नजर समोर. हे असं बसणं आपण कुठं तरी पाहिलंय असं वाटत राहिलं, आणि दोनचार स्टेशनं गेल्यावर आठवलं. आजोळी विहिरीवरून डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन येणाऱ्या बायकांच्या माना अशाच असायच्या. त्यांच्या घागरींत पाणी तरी असायचं.

इंग्रजांना आपण टोपीवाले म्हणत आलो. त्याहून जुना शब्द टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस अशा सगळ्या दर्यापारच्या मंडळींना मिळून तो वापरला आहे. हे इतर सावकारांसारखे साधे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, समुद्रकाठी यांना जागा देऊ नये, असा त्यातला सल्ला. आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्याच्या चारेक वर्षं आधी, १७११ मध्ये, त्याच टोपीकरांची राणी अ‍ॅन विंडसरच्या किल्ल्यापासून जवळच एका माळावर गेली होती. ती मोकळी जमीन तिला घोडे फेकायला झकास वाटली आणि तिनं तिथं शर्यती सुरू केल्या. इकडे अमात्य टोपीकरांपासून सावध राहा म्हणून लिहिताहेत, तिकडे टोपीकरांची राणी रेसकोर्स आखते आहे. अमात्यांनी टोप्या पाहिल्या त्या पुरुषांच्या. टोपीकरणी पाहिल्या असत्या तर आज्ञापत्रात आणखी एक कलम वाढलं असतं, असं मला त्या गाडीत उगाच वाटून गेलं.

तीनशे वर्षं ती अ‍ॅस्कॉटची शर्यत चालू आहे. जूनमध्ये पाच दिवस, मंगळवार ते शनिवार. गुरुवारी गोल्ड कप, तो १८०७ पासूनचा, आणि त्याच गुरुवारला लेडीज डे म्हणतात. रोज दुपारी दोनच्या ठोक्याला राजघराण्याच्या उघड्या घोडागाड्या मैदानात शिरतात आणि सरळ धावपट्टीवरून प्रेक्षकांसमोर येतात. ही मिरवणूक चौथ्या जॉर्जनं १८२५ मध्ये सुरू केली. देखणेपणाची त्याला भारी हौस. त्याच्या हौसेची किंमत आजवर राजघराण्यातल्या बायका डोक्यावर वागवताहेत. कारण उघड्या गाडीतून, वाऱ्यातून, हजारो लोकांच्या देखत मैलभर यायचं आणि टोपी जागची हलू द्यायची नाही, हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी केसांतून आरपार जाणाऱ्या वीतभर टाचण्या असतात. फोटोत त्यांचा फक्त मोती दिसतो.

राजाच्या खास आवाराला रॉयल एन्क्लोजर म्हणतात. तिथं जायचं तर बाईचं डोकं झाकलेलं हवं. मध्यंतरी बायकांनी यातून पळवाट काढली होती. केसांत पिसाफुलांची एक क्लिप खोचायची, तिला फॅसिनेटर म्हणायचं, झालं काम. २०१२ मध्ये ती पळवाट बुजवली. आता डोक्यावर जे काही असेल त्याचं बूड निदान चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाचं आणि भरीव पाहिजे. थोडक्यात, पाणीपुरीएवढं चालत नाही, साध्या पुरीएवढं लागतं. हा नियम मी भाचीकडून ऐकला तेव्हा हसू आवरेना. पण ती पुढे म्हणाली, “तुला टोपी लागणारच नाही मावशी. परदेशी पाहुण्यांना आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो तिथं. तू नऊवारी नेसून जा.” खरंच, २०२२ च्या लेडीज डेला शेकडो भारतीय बायका हातमागाच्या साड्या नेसून अ‍ॅस्कॉटला गेल्या होत्या, इथल्या विणकरांची कला तिथं दिसावी म्हणून. मी विचारात पडले. डोक्यावरून पदर घेतला तर ते नियमात बसेल का? चार इंचांहून तो केव्हाही मोठा. पण बूड भरीव नाही.

आणखी एक नियम होता, त्यावर मात्र हसू येत नाही. १९५५ पर्यंत घटस्फोट झालेल्या माणसाला त्या आवारात पाऊल ठेवता येत नसे. म्हणजे कितीही लाखमोलाची टोपी घालून या, नवऱ्याशी पटलं नसेल तर बाहेर उभ्या राहा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राणी एलिझाबेथची धाकटी बहीण मार्गारेट हिनं पीटर टाउनसेंड या घटस्फोटित माणसाशी लग्न करणार नसल्याचं जाहीर केलं. आज त्याच मैदानात पहिल्या गाडीत राजाशेजारी बसणाऱ्या राणीचं आणि राजाचं, दोघांचंही हे दुसरं लग्न आहे. कॅमिला यांच्या त्या लग्नातली डोक्यावरची सोनेरी पिसांची नक्षी फिलिप ट्रेसी यांनी केली होती, आणि अ‍ॅस्कॉटलाही त्या बहुतेक त्यांच्याच रुंद कडेच्या टोप्या घालतात. नियम बदलला, पण टोपीची कड तसूभरही आखूड झाली नाही.

सगळ्यात मोठ्या कडांच्या टोप्या पाहायच्या तर १९१० च्या अ‍ॅस्कॉटचे फोटो पाहावेत. सातवा एडवर्ड ६ मे रोजी वारला. तो रेसचा शौकीन, त्यामुळे शर्यती रद्द झाल्या नाहीत. सगळे काळे कपडे घालून आले. काळे झगे, काळ्या छत्र्या आणि गाडीच्या चाकाएवढाल्या काळ्या टोप्या, त्यांवर काळ्या पिसांची रानं माजलेली. त्याला ‘ब्लॅक अ‍ॅस्कॉट’ म्हणतात. ‘माय फेअर लेडी’ सिनेमात रेसचा प्रवेश आहे, त्यात नखशिखांत काळ्यापांढऱ्यात उभी असलेली माणसं आठवत असतील. सेसिल बीटननं ते कपडे या आठवणीवर बेतले. आपल्या ‘ती फुलराणी’त हा प्रवेश नाही. पु. लं.नी आधार घेतला तो शॉच्या मूळ नाटकाचा, आणि शॉनं आपल्या नायिकेला रेसला नेलंच नव्हतं. बरंच झालं. मंजुळेच्या डोक्यावर तेवढी टोपी शिवाजी मंदिरच्या विंगेतून बाहेर आली नसती.

ब्लॅक अ‍ॅस्कॉटच्या त्या फोटोंतली पिसं मला सुखानं बघवत नाहीत. यातली कित्येक आपल्या ओळखीची आहेत.

बगळ्याच्या पाठीवर विणीच्या दिवसांत एक वेगळाच पिसारा उगवतो. लांब, विरळ, धाग्याधाग्यांचा, वारा नसतानाही हलणारा. एरवी तो नसतो. चिखलणीच्या वेळी नांगरामागून चालणारा बगळा तुम्ही पाहिला असेल, तोही पाहिला नसेल तर म्हशीच्या पाठीवरचा नक्की पाहिला असेल. पण तो पिसारा बघायचा तर घरट्याजवळच जावं लागतं. आणि तिथंच शिकारी जात. पीस फक्त विणीच्या हंगामातलं हवं, म्हणजे मारायचा पक्षी हा घरट्यात पिलं असलेलाच. मोठा बगळा गेला की पिलं उपाशी मरत. लंडनच्या बाजारात या पिसांना ‘ऑस्प्रे’ असं नाव होतं. ऑस्प्रे म्हणजे खरं तर मासे मारणारा एक निराळाच शिकारी पक्षी. पण दुकानात ‘बगळा’ म्हटलं तर गिऱ्हाइकाला दलदल आठवते. वजनाला वजन लावलं तर ही पिसं सोन्याहून महाग विकली जात.

याला विरोध उभा केला तो टोप्या घालणाऱ्या बायकांनीच. एमिली विल्यमसन यांनी १८८९ मध्ये आपल्या घरी मैत्रिणी जमवून पक्षिसंरक्षणाची एक संस्था काढली. सभासदांनी एवढंच वचन द्यायचं की खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांखेरीज कुणाची पिसं डोक्यावर घालणार नाही. शहामृग तेवढा चालेल, त्याची पिसं त्याला न मारता काढता येतात. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं पक्ष्यांच्या कातड्यांची आणि पिसांची निर्यात बंद केली. चोरवाटा राहिल्याच. मग १९०६ मध्ये एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिनं त्या संस्थेला पत्र धाडून कळवलं की आपण ही पिसं कधी वापरत नाही आणि या क्रूरपणाला आळा घालायला काहीही करायला तयार आहोत. कायदा व्हायला १९२१ उजाडलं. पण कायद्यानं जे पंधरा वर्षांनी केलं ते राणीच्या टोपीनं आधीच सुरू केलं होतं. राणीच्या डोक्यावर काय आहे हे सगळे बघतात. मग काय नाही हेही बघतात.

आता त्या टोपीकडे वळते जिच्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात बसला.

दुसरी एलिझाबेथ गादीवर आली १९५२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आणि २०२२ च्या सप्टेंबरात गेली. सत्तर वर्षांत तिच्या टोप्या किती झाल्या असतील याचा अंदाज एवढ्यावरून करावा की फ्रेडरिक फॉक्स या ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एकट्या कारागिरानं तिच्यासाठी साडेतीनशेच्या आसपास टोप्या बनवल्या. या टोप्या नीट पाहिल्या तर कळतं की या हौसेच्या नव्हेत, कामाच्या आहेत. कड आखूड किंवा कपाळावरून वर वळलेली, म्हणजे चेहऱ्यावर सावली पडत नाही आणि दहाव्या रांगेतल्या माणसालाही राणी दिसते. माथा उंच, कारण बाई उंचीला बेताची. रंग एकच आणि ठसठशीत: हळदीचा पिवळा, हिरवा, जांभळा, अबोली. गर्दीतून नुसता रंगाचा ठिपका दिसला तरी लोकांनी घरी जाऊन ‘राणी पाहिली’ म्हणावं. वळणदार कडेची, एका डोळ्यावर झुकलेली, गूढ दिसायला लावणारी टोपी तिनं घातली नाही असं नाही, पण ती तिची नव्हे. तशा टोप्या डायानाच्या, नंतर केटच्या. गूढ दिसायची चैन सुनांना परवडते.

आपल्याकडे संस्थानी बायकांचं काय? बडोद्याच्या गायकवाडांची लेक इंदिराराजे कूचबिहारला सून म्हणून गेली, आणि तिच्यामुळे राजघराण्यांत शिफॉनच्या साड्या आल्या. तिची लेक जयपूरची गायत्रीदेवी. तिचे फोटो आठवा: डोक्यावर शिफॉनचा पदर, असून नसल्यासारखा. केसांचा भांगसुद्धा आरपार दिसतो. रीत पाळली आणि चेहराही दाखवला. एलिझाबेथची वर वळलेली कड आणि हा आरपार पदर, दोघींनी एकाच पेचावर काढलेले दोन तोडगे आहेत. आणि घोडे या घराण्यांच्याही रक्तात होते. महालक्ष्मीला १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीनं जिंकली. हल्ली महालक्ष्मीला डर्बीच्या दिवशी अ‍ॅस्कॉटच्या वळणाच्या टोप्या दिसतात. शिफॉनचा पदर मात्र शोधावा लागतो.

तर ती कामाची टोपी. अ‍ॅस्कॉटच्या आठवड्यात तिच्यावर आणखी एक जबाबदारी येऊन पडे. इंग्लंडातले बुकी आज राणीच्या टोपीचा रंग कोणता, यावर पैजा घेत. घोड्यांवर लावा, नाहीतर राणीच्या डोक्यावर लावा. निळ्याला हा भाव, गुलाबीला तो. राणीचे कपडे सांभाळणाऱ्या अँजेला केली यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की बातमी फुटू नये म्हणून त्या राजवाड्यात वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या मांडून ठेवत. कुणी नोकरानं डोकावलं तरी खरी कोणती ते कळू नये. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, म्हणतात ती हीच.

गंमत अशी की त्या आठवड्यात राणीला स्वतःच्या टोपीत कवडीचा रस नसे. तिचा सगळा जीव घोड्यांत. घोड्यांची पैदास, वंशावळी, कुठली घोडी कुठल्या घोड्याला द्यायची, हे तिच्या आवडीचे विषय. २०१३ च्या जूनमध्ये गोल्ड कपला तिची ‘एस्टिमेट’ नावाची घोडी होती. ही आगाखानांच्या पागेत वाढवलेली. म्हणजे पुण्यात ज्यांनी राजवाडा बांधला त्या आगाखानांच्या नातवाची. अडीच मैलांची शर्यत. शेवटच्या टप्प्यात एस्टिमेट आणि ‘सिमेनॉन’ खांद्याला खांदा लावून आले आणि एस्टिमेट मानेएवढ्या अंतरानं जिंकली. गादीवर असलेल्या राजा-राणीच्या घोड्यानं गोल्ड कप जिंकण्याची दोनशे वर्षांतली ती पहिली वेळ.

त्या क्षणाचं चित्रण मी निदान पाच वेळा पाहिलं असेल. सत्त्याऐंशी वर्षांची बाई उभी आहे. शेवटच्या काही वावांत तिचं तोंड उघडतं, डोळे बारीक होतात, हात एकमेकांवर आपटू लागतात आणि मग एकदम असं हसू फुटतं की शेजारी उभ्या असलेल्या तिच्या घोड्यांच्या व्यवस्थापकाचं हसूही त्यापुढे फिकं पडतं. त्या वेळी ती राणी नव्हतीच. नाण्यावरचा, तिकिटावरचा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. पाच वेळा पाहिलं, आणि त्या दिवशी टोपी कोणत्या रंगाची होती असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ज्या रंगावर हजारो लोकांनी पैसे लावले होते तो रंग त्या दहा सेकंदांत कुणाच्याच डोळ्यांत शिरला नसणार. टोपी मात्र जागची हलली नाही. टाचण्या पक्क्या होत्या.

ब्रॅकनेलहून परतताना संध्याकाळ झाली होती. उन्हाळ्यात तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अ‍ॅस्कॉट स्टेशनावर जे काही गाडीत चढलं ते लख्ख दिसलं. तेच लोक, त्याच टोप्या, पण सकाळच्या ताठ माना कुणाच्याच राहिल्या नव्हत्या. कुणी चपला हातात घेऊन अनवाणी. एकीची टोपी नवऱ्याच्या डोक्यावर. एक पोरगी गाडीच्या दाराला टेकून झोपलेली, तिच्या टोपीची कड काचेवर वाकून दुमडली होती आणि तिला पत्ता नव्हता. माझ्यासमोर पन्नाशीची एक बाई येऊन बसली. टोपी मांडीवर घेतली, हेअरपिना काढून एकेक करून पर्समध्ये टाकल्या आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी हसले, आणि मग तीही हसली.

तिच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथं, लाल वळ उठला होता. गोल, कुंकवाची चिरी आडवी ओढावी तसा. हनुवटीखाली बारीक इलॅस्टिकचीही एक रेघ. किती हरली ते तिनं आपण होऊन सांगितलं, चाळीस पौंड. टोपी भाड्याची, शनिवारपर्यंत परत करायची. “धरून बघायचीय?” म्हणाली.

हातात घेतली तर वजनच नाही. बाहेरून दिमाखदार, आत उलटी केली तर उसवलेला कांदापाकळी रंगाचा फितीचा पट्टा, त्यावर घामाचे जुने डाग, कुणाकुणाचे असतील ते असतील, एक छोटी कंगवी शिवलेली, कडेच्या आतून फिरवलेली तार एका ठिकाणी वर आलेली. कापड जाळीदार, खरखरीत. हे सिनामे, फिलिपाइन्सकडचं, तिथल्या केळीच्याच जातीच्या एका झाडाच्या सोपटाच्या धाग्याचं विणलेलं. ओलं करून, वाफ देऊन लाकडी ठोकळ्यावर ताणतात, वाळलं की तसंच राहतं. आपल्याकडे पगड्याही ठोकळ्यावरच बांधतात. पगडी एकदा बांधली की पिढ्यान् पिढ्या पेटीत राहते. ही शनिवारी दुकानात जाऊन पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कपाळावर वळ उठवणार.

“घाला की,” बाई म्हणाली.

मी घातली. खिडकीच्या काचेत पाहिलं. साठीची एक मराठी बाई, नाकात चमकी, डोक्यावर गुलाबी मांडव. बाई टाळ्या वाजवून म्हणाली, फार छान दिसतेय. टोपी घालण्याचा मराठी अर्थ तिला सांगावा असं मनात आलं, पण तो इंग्रजीत सांगायचा म्हणजे तिच्याच गोऱ्या पूर्वजांवर घसरावं लागलं असतं, आणि तिनं बिचारीनं आजच चाळीस पौंड घालवले होते. टोपी परत दिली. तिच्या कपाळावरचा वळ वॉटर्लूपर्यंत गेला नाही.

माझं आजोळ शिरूरकडचं. चैत्रात गावची यात्रा आणि यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती. गावाबाहेर घाट, म्हणजे चढावाची धावपट्टी. गाड्याला चार बैल आणि त्यांच्या पुढे स्वारासकट घोडी, तिच्या मागं बैल पळतात. एकेका गाड्याची बारी सुटते आणि सेकंदांत संपते. बायकांनी घाटावर जायचं नाही, अशी रीत. त्या घराच्या माळवदावरून बघायच्या. माळवदावरून घाट दिसायचा तो हातभर लांबीचा, धुळीनं भरलेला.

आजी माळवदाच्या कडेला उभी. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, तो कानामागे घट्ट खोवलेला. ती भाकरी थापताना, विहिरीवर, देवळात, झोपताना, कायम तशीच. तिच्या केसांचा रंग मला नऊ वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हता. तिच्या आत्याबाई, म्हणजे माझी पणजी, आत ओसरीवर खाटेवर पडून असायची, आणि तिथूनसुद्धा आजीच्या डोक्यावर तिचं लक्ष असतं असं आजीला कायम वाटायचं.

आमची बारी आली. आजोबांचे बैल, त्यांतला कोसा पुढच्या जोडीत. घोडी सुटली, मागोमाग धूळ उठली, खालून आरोळी आली आणि आजी ओरडली. शब्द नव्हते त्यात. हात वर गेले, पायांच्या चवड्यांवर उभी राहिली, माळवदाच्या कडेला इतकी पुढे आली की मी तिचं लुगडं मुठीत धरलं. गाडा निशाणापार गेला, भंडारा उधळला, पिवळा ढग वर आला.

मी वर बघितलं तर आजीच्या डोक्यावर पदर नव्हता. तो खांद्यावर, नव्हे पाठीवर लोंबत होता. केस पांढरे होते, थोडे विरळ, मधे भांग आणि कपाळाच्या वर कायम झाकलेल्या कातडीचा एक गोरा पट्टा, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं. ती अजून घाटाकडे बघत हसत होती.

मग तिच्या लक्षात आलं. दोन्ही हातांनी पदर ओढून घेतला, कानामागे खोवला आणि ओसरीच्या बाजूला एकदा बघून माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “कुनी बगितलं का गं?”